आठ दिवस, एकच गाव

लग्नानंतरच्या पाचव्या उन्हाळ्यात मी नवऱ्याला सहलीला नेले आणि त्या सहलीत त्याचा सूड घेतला. हे वाक्य लिहिताना मला आजही बरे वाटते, म्हणून ते आधीच लिहून मोकळी होते.

तो महागावच्या सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होता. दिवाळीपासून होळीपर्यंत त्याचे दिवस गाड्यांच्या रांगेपुढे उभे राहण्यात जात. गाडीच्या पोटात कोपरापर्यंत हात खुपसायचा, तळातला पुंजका उपसायचा, मुठीत दाबून ओल पाहायची, दोन्ही हातांच्या चिमटीत धागा ओढून त्याची लांबी पाहायची, आणि मग एक शब्द. त्या एका शब्दावर गाडीवाल्याचे वर्ष ठरे. ती कापसाची वाईट वर्षे होती. भाव पडलेले, रांगा तीन-तीन दिवस हलायच्या नाहीत, बैल गाडीलाच बांधलेले आणि माणसे गाडीखाली आडवी. अशा रांगेतून पुढे आलेल्या माणसाला तो ‘फरदड’ म्हणे. फरदड म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच थकलेल्या झाडांना पाणी देऊन काढलेला शेवटचा, आखूड धाग्याचा, डागाळलेला कापूस. पहिल्या वेचणीच्या मालाला कोणी फरदड म्हटले, तर ती शिवी असते. माझ्या नवऱ्याने ती शिवी पुष्कळांना दिली. काहींचा माल तसाच होता, काहींचा नव्हता. वरून आलेली सूचना काय होती, ते त्याने मला कधी सांगितले नाही. संध्याकाळी घरी आला की त्याच्या भुवयांत तंतू अडकलेले असत आणि शर्टाला सरकीचा तेलकट, कोंदट वास असे.

मी शाळेत मराठी शिकवत असे. कवितेच्या नादाने वाढलेल्या मुलीला जे जे अवगुण लागतात, ते सगळे मला होते. बसमधून जाताना पळसाचे एखादे झाड पेटलेले दिसले की मला उतरावेसे वाटे. भिजलेल्या गोणपाटाचा वास आला की मी वाक्य अर्धेच सोडत असे. त्याला या गोष्टीचे हसू येई, आणि पुढे पुढे राग येई. तो सहल आखायचा ती रकाने पाडून. ‘९.१० चहा (फक्त चहा)’. ‘११.४५ देऊळ, बाहेरून’. पहिल्या दोन वर्षांत आम्ही सहलीपेक्षा सहलीच्या आखणीवरच जास्त भांडलो. मग त्यानेच नियम काढला: एक वर्ष त्याचे, एक वर्ष माझे. ज्याचे वर्ष त्याचा कागद. कागदावर दोघांनी सही करायची आणि सही झाली की खोडाखोड नाही. दुसऱ्याने निमूट यायचे.

माझ्या पहिल्या कागदावर मी वणी लिहिले. कोळशाच्या ट्रकांनी काळी केलेली वाट, त्या काळ्या धुळीवर पडलेले पांढरे ऊन आणि जिभेवर येणारी राखेची चव मला पाहायची होती. तो दोन दिवस घड्याळाकडे पाहत माझ्या मागे चालला, पण एक शब्द बोलला नाही. नियम पाळणारा माणूस होता, हे मला कबूल करायला हवे. पुढे मी त्याच गुणाला धरून त्याला पकडले.

त्याच्या वर्षी त्याने समुद्र लिहिला. महागावहून जीपने नांदेड, तिथून रेल्वे. जीपच्या वाटेवर फुलसावंगीकडे वळणारा फाटा होता, आणि फुलसावंगी माझे माहेर. वडील गेल्यावर आई तिथे एकटीच राहत होती, दोन एकर कापसाची पऱ्हाटी आणि एक गाय सांभाळून. तिने निरोप धाडला, की मी फाट्यावर येते, गाडीतूनच डबा घेऊन घे, उतरूही नको.

मी त्याला म्हटले, “कागदात दोन मिनिटं लिहा ना फाट्यासाठी.”

“पाहू,” तो म्हणाला.

कागदात काही आले नाही.

त्या सकाळी तो पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता, मनगटावरचे घड्याळ वर धरून. मी मागे, सामानात. फाट्याजवळ आले आणि मला आई दिसली. बाभळीच्या विरळ सावलीत, डोक्यावर पदर, दोन्ही हातांत फडक्यात बांधलेला डबा, छातीशी धरलेला. तिच्या आसपास बसची वाट पाहणारे चार-पाच गडी उभे होते. मी ओरडले, “थांबा! अहो, थांबा!” ड्रायव्हरने त्याच्याकडे पाहिले. “साहेब?”

“टाइम नाई. चाल.”

त्याची मान फाट्याकडे बोटभर वळल्यासारखी मला वाटली, मग सरळ झाली. मी मागच्या काचेतून पाहिले. आईने डबा एका हातात घेऊन दुसरा हात वर केला होता. तो हात थांबवायला होता की निरोपाचा, ते कळायच्या आत धूळ आली.

“आई होती थे!” मी म्हटले. “तुम्ही पाह्यलं नाई?”

“नाई दिसलं बा मले कोणी,” तो म्हणाला. “तू ओरडली, पण तू तर दर कोसाले ओरडतेस. मले वाटलं, तुले गुलमोहर पाहायचा असन.”

वर्षभर मला जाळले ते याच उत्तराने. झाडांसाठी, वासांसाठी, उन्हाच्या तुकड्यांसाठी मी जितक्या वेळा त्याला थांब म्हटले होते, ते सगळे थांबे त्याने एकत्र गोळा करून माझ्या आईपुढे भिंतीसारखे उभे केले होते. मी समुद्र पहिल्यांदा त्या सहलीत पाहिला. तो खारट होता, एवढेच मला आठवते.

आईला नंतर विचारले तर ती म्हणाली, “दशम्या होत्या. गाईले घातल्या.” आणि विषय बदलला.

मला एकच गोष्ट हवी होती: त्याने पाहिले होते का नाही. पाहिले नसेल तर मी त्याला दगड समजून माफ केले असते. पाहिले असेल, तर त्याने ते तोंडाने म्हणायला हवे होते. ऐन हंगामात तो गाड्यांपुढे उभा असताना, पोळी ताटात वाढताना, तो आरशापुढे भुवया झाडत असताना मी पुन्हा पुन्हा विचारले. त्याचे उत्तर बदलले नाही. “नाई दिसलं.” कापसाचा धागा ओढून निकाल द्यावा तसे, दोन शब्दांपेक्षा जास्त नाही.

मग माझे वर्ष आले.

मी भिंतीवरचे कॅलेंडर काढून मांडीवर घेतले. त्या साली अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला होता. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. तीन वर्षांतून एकदा येतो, आणि तो जावयाचा महिना. लेक-जावयाला घरी बोलावून, लक्ष्मी-नारायण समजून, पुरणाचे धोंडे आणि तेहतीस अनारसे वाढायचे. गावात जावई उतरला की तो एका घराचा राहत नाही, सगळ्या गावाचा होतो. प्रत्येक घर त्याला पानावर बसवते, आणि जावयाने पानावर बसायला नाही म्हणणे म्हणजे त्या घराचा अपमान. हंगामभर लोकांना नाही म्हणणाऱ्या माणसासाठी याहून नेमकी जागा मला सुचली नसती. फुलसावंगीच्या कितीतरी गाड्या त्याच्या केंद्रावर जात.

कागद मी त्याच्याच पद्धतीने लिहिला. रकाने पाडले, वेळा टाकल्या. पहिला दिवस: साडेसात निघणे, साडेआठ फुलसावंगी. दुसरा दिवस: फुलसावंगी. तिसरा दिवस: फुलसावंगी. आठव्या दिवसापर्यंत.

त्याने कागद दोनदा वाचला. “हे कायची सहल?”

“माझी.”

“आठ दिवस सासुरवाडीत कोणी राह्यते काय? लोक हासतीन.”

“हासू द्या.”

“दोन दिवस कर. मंग आपण चिखलदऱ्याले जाऊ. थंड हवा. तुले झाडं पाहाले भेटतीन.”

“झाडं पाहून झाली माझी. सही करा.”

त्याने पेनचे टोपण काढले आणि पुन्हा लावले. मग हळू म्हणाला, “तिथं मले लोक वळखतात.”

“जावई म्हणून वळखतात,” मी म्हटले. “नियम तुमचाच आहे.”

त्याने सही केली.

दिवसाला तीन-तीन घरांची पाने ठरली होती. पहिले पान शेजारच्या म्हाताऱ्याकडे होते. मागच्या हंगामात ते केंद्राबाहेर तीन दिवस गाडीखाली झोपले होते आणि चौथ्या दिवशी फरदड ऐकून परतले होते. ओसरीवर पाट, पाटाभोवती रांगोळी, घरातली सगळी माणसे दाराच्या चौकटीत दाटलेली. म्हाताऱ्याने स्वतः तुपाची वाटी उचलली.

“घ्या, जावईबापू. आधी दाबून पाहा मुठीत. ओल तर नाई ना?”

चौकटीतून हसू फुटले. नवरा पानाकडे पाहत म्हणाला, “बस, बस. कमी वाढा.”

“कमी कायले? आमच्या घरी तोलाले माणूस नाई बसवत.”

तूप ओतले गेले. वेलदोड्याच्या, ताज्या तुपाच्या वासात त्याच्या मानेवरून घामाची एक धार कॉलरच्या आत उतरली. मला लोक म्हणत, की तू फार बारीक पाहतेस, संसारात इतके पाहू नये. त्या आठ दिवसांत माझ्या त्या पाहण्याला काम मिळाले. तो घास उचलताना किती थांबतो, गिळताना गळ्याची गाठ कशी वर जाऊन अडते, तो कुणाच्या पायांकडे पाहतो आणि कुणाच्या चेहऱ्याकडे पाहायचे टाळतो, यांतले मी काहीही सोडले नाही.

दुसरे घर एका विधवा बाईचे. तिने कापसाचा शब्दही काढला नाही. त्याला बसायला पाटाऐवजी नवी, फुगलेली, खणाच्या कापडाची गादी घातली होती.

“बसा ना, पाहुणे. मऊ आहे.”

तो बसला.

“तुमीच वापस धाडला होता थो कापूस,” ती पान वाढता वाढता म्हणाली. “मंग म्या गादी भरली त्याची. धागा आखूड हाये म्हणलं होतं तुमी. टोचत तर नाई ना?”

तो नाही म्हणाला. त्या घरात तो एवढेच बोलला. जेवण होईपर्यंत तो त्या गादीवर असा बसला होता, जणू खाली माणूस आहे.

तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या चाचांनी बोलावले. त्यांचीही चार एकर पऱ्हाटी होती आणि मला त्यांनी लहानपणी खांद्यावरून जत्रेला नेले होते. त्यांच्या घरी शेवयांचा दुधाळ, खजुराचा गोड वास आणि कोपऱ्यात ग्रीसचा वास, दोन्ही एकाच वेळी येत.

“आओ, दामादजी. हमारे भी दामाद हो, बेटी इधर की है,” चाचा म्हणाले. “हमारे माल को तो तुमने फरदड में डाला. सेवई खाके बताओ, किस नंबर की है?”

“एक नंबर,” नवरा पुटपुटला.

“सुना?” चाचांनी आत हाक दिली. “साहब ने एक नंबर बोला! लिखके लो इनसे!”

आतल्या बायका खदखदून हसल्या. चाचांनी दुसरी वाटी भरली आणि मग तिसरी. तिसरी त्याने डोळे मिटून संपवली.

कुणी त्याला अपशब्द बोलले नाही. कुणी आवाज चढवला नाही. सगळ्यांनी त्याला प्रेमाने, आग्रहाने, ताट रिकामे होऊ न देता वाढले, आणि प्रत्येक वाढप त्याच्यावर चाबकासारखे पडत होते. दुपारी आईच्या अंगणातल्या लिंबाखाली, बाजेवर तो पालथा पडून राही. त्याचे पोट तट्ट फुगलेले असे आणि चेहरा मातकट.

“चाल ना घरी,” तिसऱ्या दिवशी तो म्हणाला. “पुरे झालं.”

“काय पुरे झालं?”

“तुले माहीत आहे.”

“मले एकच माहीत पाह्यजे,” मी म्हटले. “फाट्यावर दिसली होती का आई?”

त्याने तोंड बाजेच्या विणीत खुपसले. “नाई.”

“मंग कागदात अजून पाच दिवस आहेत.”

मी खूश होते. हे लपवण्यात अर्थ नाही. सकाळी उठून पुढच्या घराचे नाव आठवले, की माझ्या अंगातून विहिरीच्या गार पाण्यासारखे काही वाहत असे. पण पाचव्या दिवशी माझी चूक माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

पाचवा दिवस आईचा होता. तिने तो मुद्दाम मधला ठेवला होता, तिथी चांगली म्हणून. मी गावातली घरे मनातल्या मनात लावत होते, कुणाच्या ताटाचा घाव किती खोल जाईल ते तोलत होते. त्या सगळ्यात मी एक गोष्ट साफ विसरले होते, की धोंड्याच्या महिन्यात सासू जावयाचे पाय धुते. जिला तो धुळीत उभी सोडून गेला होता, तिलाच मी आठ दिवसांच्या आखणीने त्याच्या पायांशी आणून बसवले होते. माझ्या हाताने, रकाने पाडून.

आई परात घेऊन बाहेर आली. पितळेची, चिंचेने घासलेली, उन्हात डोळ्यांना लागणारी. शेजारचे म्हातारे, गादीवाली बाई, चाचा, सगळे ओसरीला टेकून उभे होते. आईच्या गुडघ्यांचा कटकन आवाज झाला, तो मला दाराशी ऐकू आला.

“आई, राहू दे,” मी म्हटले.

“काहून? रीत आहे.”

“मी धुते.”

“तू त्याची बायको. तू कायले धुशीन? सरक.”

तिने त्याचा पाय हातात घेऊन परातीत ठेवला. पाण्यात तुळस होती आणि थोडी हळद. तिचे हात वेचणीने चिरलेले, बोंडाच्या टोकांनी नखांच्या कडा काळ्या झालेल्या. ती त्याच्या घोट्यावरून पाणी सोडत राहिली आणि मान वर न करता, भाजीत मीठ विचारावे तशा आवाजात म्हणाली, “जावईबापू, मागल्या साली फाट्यावर लय धूळ होती.”

तिने ओंजळभर पाणी घेऊन त्याच्या टाचेवर सोडले.

“म्या हात केला. मले वाटलं, तुमाले दिसलंच नसन. ऊन डोळ्यावर होतं तुमच्या.”

ती त्याला सुटका देत होती. नाही म्हणायची वाट तिने स्वतः झाडून दिली होती. त्याने फक्त मान हलवायची होती आणि माझे सगळे वर्ष, सगळी पाने, सगळे तूप वाया गेले असते. मी चौकट इतकी घट्ट धरली की बोटांत लाकडाची कुसळे शिरली.

“दिसलं होतं, मामी,” तो म्हणाला.

आईचे हात पाण्यात थांबले.

“तुमी दिसल्या. डबा दिसला. तुमच्या बाजूले गडी उभे होते, त्यातल्या दोघाइले म्या त्याच हंगामात वापस धाडलं होतं. माल चांगला होता त्याइचा. मले माहीत होतं. वरून सांगतलं होतं, घेऊ नका म्हणून. गाडी थांबवली असती तर थे बोलले असते मले, तुमच्या समोर. ड्रायव्हरसमोर.” त्याने माझ्याकडे पाहिले. “हिच्यासमोर.”

मला वाटले होते की हे ऐकल्यावर माझ्यातले काहीतरी सैल होईल. झाले नाही. त्याने पाहिले होते. चार माणसांचे चार शब्द ऐकावे लागू नयेत, म्हणून त्याने माझ्या आईला धुळीत सोडले, आणि ती भीती झाकायला माझ्या गुलमोहराचा पडदा केला. कारण कळले म्हणून घाव लहान होतो, असे कवितेत पुष्कळदा वाचले होते. कारण कळल्यावर घावाला आकार येतो, एवढेच.

शेजारचे म्हातारे खाकरले. “चांगला होता ना माल?” त्यांनी विचारले. त्या विचारण्यात टोमणा नव्हता. म्हाताऱ्याला खरेच ऐकायचे होते.

“तुमचा बी चांगला होता, बाबा.”

म्हाताऱ्याने मान डोलावली आणि दुसरीकडे पाहिले. गादीवाल्या बाईने पदर तोंडाला लावला. आईने त्याचा दुसरा पाय परातीत घेतला, तोही तितक्याच सावकाश धुतला, नव्या पंच्याने दोन्ही पुसले आणि म्हणाली, “उठा आता. धोंडे निवून राह्यले.”

तो जेवला. आईने वाढलेले सगळे जेवला, तेहतीसच्या तेहतीस अनारशांना हात लावून. हात धुवायला तो अंगणात आला तेव्हा मी तांब्या घेऊन उभी होते. त्याचे डोळे लाल होते. पाण्याची धार त्याच्या हातांवर पडत असताना तो म्हणाला, “बोललो मी. तुले पाह्यजे होतं थे सगळ्याइपुढं बोललो.”

“हो.”

“आता निघू?”

आई ओसरीवर खरकटी पाने गोळा करत होती. ती थांबली आणि माझ्याकडे पाहू लागली. तिच्या डोळ्यांत सरळ सांगितलेले होते, की सोड त्याला, पोरी. मी तिच्याकडे पाहिले आणि मग त्याच्याकडे.

“अकरा घरं राह्यलीत,” मी म्हटले.

त्याने ओले हात झटकले. सहलीचा कागद खिशात होता की नाही, मला माहीत नाही. त्याने तो काढला नाही. धोतराच्या सोग्याने हात पुसावेत तसे त्याने पँटला हात पुसले, ओसरीखालच्या चपला पायांत सरकवल्या आणि मला बरोबर चल म्हणाला नाही. मीही निघाले नाही. या पाच दिवसांत प्रत्येक घरी मी त्याच्याशेजारी बसून पाहिले होते. उरलेल्या घरांत त्याला मी पाहत नसताना, एकट्याने बसायचे होते.

उन्हाने पांढऱ्या झालेल्या गल्लीतून तो भिंतीच्या कडेकडेने गेला. वळणाशी एका दारातून कुणाचा तरी मोठा, प्रसन्न आवाज आला, “या, या, जावईबापू! वाटच पाहून राह्यलो होतो तुमची.” मग कडी वाजली आणि मी आत येऊन आईला खरकटे काढू लागले.